छाती कापून घ्यायला तयार, तोंड उघडायला नाही

बुलढाणा,
शनिवार, दुपार

प्रिय दादा,

तोंडात कापसाचा बोळा आहे. डॉक्टरबाईंनी तो तासभर दाबून धरायला सांगितलाय, आणि तेवढा वेळ बोलायचं नाही म्हणाल्या. सव्वीस वर्षं वर्गात बडबड केलेल्या बाईला एक तास गप्प बसायला सांगायचं! मग मी काय केलं? माझ्या मेघाची कॉलेजातली एक जुनी वही ओढली आणि तुला लिहायला बसले. तसंही तू गेल्यापासून तुझ्याशी भांडायचं राहूनच गेलंय.

हो, भांडायचंच आहे मला. रडून झालंय. तेरवीला रडले, भाऊबीजेला रडले. आता रडणं आटलंय आणि राग तेवढा उरलाय.

माझी दाढ काढली आज. उजवीकडची, खालची. दोन वर्षं ठणकत होती. कुणाला बोलले नव्हते, तुलासुद्धा नाही. किती वेळ लागला सांगू? समोर भिंतीवर घड्याळ होतं म्हणून सांगते, पस्तीस मिनिटं. त्यातली पंधरा तर तोंड बधिर व्हायची वाट पाहण्यात गेली. पस्तीस मिनिटं, दादा! यासाठी तू चाळीस वर्षं पळत राहिलास? एवढ्यासाठी?

थांब. ‘एवढ्यासाठी’ म्हणायचा मला हक्क नाही. मी होते ना त्या दिवशी तिथं.

धामणगाव बढ्याचा बाजार. तू दहाचा, मी सातची. तुझ्या गालावर लिंबाएवढी सूज आली होती. आईनं लवंग धरायला दिली, वरून हळदीचा लेप लावला, पण ताप काही हटेना. बाबा म्हणाले, "चाल रे, बाजारात जाऊ. जिलेबी घेऊन देतो तुले." एवढं दुखत असून तू माझ्या पुढं पुढं चालत होतास. बाजाराच्या टोकाला, भांडेवाल्यांच्या पलीकडं, एक माणूस फडकं अंथरून बसायचा. फडक्यावर माणसांच्या दातांचा ढीग आणि शेजारी पकड. बाबा तिथं थांबले तेव्हा तुला कळलं, आपण जिलेबीसाठी आलेलो नाही.

पुढचं तू मला आयुष्यात कधी बोलला नाहीस. मीही नाही. आज बोलते. बाबांनी तुझं डोकं मांडीत दाबून धरलं. त्यांच्या ओळखीच्या एकानं हात धरले. आणि बाबा मला म्हणाले, "नले, पाय धर त्याचे. घट्ट धर."

मी धरले.

बधिर करणं वगैरे काही नव्हतं. पहिल्यांदा दाढ मोडली. अर्धी हातात आली, अर्धी आतच राहिली. त्या माणसानं पुन्हा पकड घातली. तू ओरडत होतास, "थांबा! बाबा, थांबा ना!" कुणी थांबलं नाही. तू पाय झाडत होतास आणि मी जीव खाऊन ते धरून ठेवले होते, कारण मला तेवढंच काम दिलं होतं. तुझी चड्डी ओली झाली. भोवती जमलेली माणसं हसली. चांगली मिशीवाली, पोराबाळांची माणसं! दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी तुझं नाव ठेवलं, ‘मुत्या’. सातवी पास होऊन बाहेर पडेपर्यंत ते नाव काही तुझ्या मागून हटलं नाही.

बाबा काही राक्षस नव्हते. आसपास दातांचा डॉक्टर म्हणून कुणी नव्हता, पोरगा तापानं फणफणलेला, त्यांना दुसरं काय सुचणार होतं? परतताना त्यांनी कबूल केल्याप्रमाणे जिलेबी घेतलीच. तुला तोंड हलवता येत नव्हतं. ती जिलेबी मी खाल्ली, दादा. सगळी.

तेव्हापासून तुझ्या तोंडाजवळ कुणाचा हात गेला नाही. न्हाव्याकडं साधी दाढीसुद्धा करून घेतली नाहीस कधी. आणि तू भित्रा होतास असं कुणी म्हणून तर दाखवावं! मेहकरला तुझ्या शाळेच्या ऑफिसात कपाटामागं साप निघाला तेव्हा सगळे मास्तर टेबलावर चढले होते. तू क्लार्क, तू एकटा खाली उभा. काठीनं त्याला उचललंस, पिशवीत घातलंस, नदीकडं नेऊन सोडलंस आणि परत येऊन हजेरीपत्रक पुरं करत बसलास. असा माणूस! आणि गल्लीच्या तोंडाशी दातांच्या दवाखान्याची पाटी लागली तर तू रस्ता बदललास. वर वहिनीला सांगायचास, "तिकडून गर्दी असते."

तिशीतच तुझे दात गेले कामातून. दुखला की मेडिकलमधली गोळी. लवंगेचं तेल. तुरटीच्या गुळण्या. दुखायचा थांबला की तू खूश. "पाय, झाला ना बरा!" बरा कसला होतोय? आज डॉक्टरबाई सांगत होत्या, दुखून दुखून थांबतो तो दात आतून मेलेला असतो आणि पू खाली साचत राहतो. वहिनीनं फारच लावून धरलं तर तुझं ठरलेलं उत्तर होतं, "वरचा दात काढला का नजर जाते. मंग तू वाचून दाखवशीन काय मले पेपर?"

कापसाची गोष्ट आठवते? वहिनीनं एकदा निर्वाणीचं सांगितलं, दात दाखवल्याशिवाय घरात चहा नाही. तू तणतणत गेलास आणि दीड तासानं गालात बोळा घालून परत आलास. दोन दिवस फुगलेल्या गालानं नुसता खुणा करत होतास. वहिनीनं शिरा केला, मऊ भात केला, तुझ्या गौरीनं अभ्यास सोडून तुझे पाय चेपले. तिसऱ्या दिवशी धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात कापसाचा अख्खा गुंडा सापडला! दवाखान्याच्या पायरीवरसुद्धा तू गेला नव्हतास.

किती हसलो आम्ही! वर्षभर आल्यागेल्याला तो किस्सा सांगायचो. तूही हसायचास, रुमाल तोंडाशी धरून. ज्याला एवढं नाटक करावं लागतं तो आतून किती घाबरला असेल, हे आमच्यापैकी एकालाही सुचू नये? मी शिकवलेल्या पोरांची तोंडं मला वाचता येतात म्हणे!

तो रुमाल! कधीपासून आला रे तुझ्या हातात? समोरचा दात पडला तेव्हापासूनच ना? त्याआधी मेहकरात निम्मी लग्नं तुझ्या मंगलाष्टकांशिवाय लागत नव्हती. लाउडस्पीकर नसला तरी मांडवाबाहेर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल असा तुझा आवाज. मग तो दात पडला आणि ‘सावधान’मधला ‘स’ शिट्टीसारखा वाजायला लागला. कुणाच्या तरी लग्नात पोरांच्या घोळक्यानं तुझी नक्कल केली आणि मांडवात हशा झाला. पुन्हा हशा! तू अक्षतांचं ताट खाली ठेवून निघून आलास आणि त्यानंतर गायलाच नाहीस.

मेघाच्या लग्नात तर गायचंच होतं ना तुला? ती पाळण्यात होती तेव्हापासून म्हणत होतास, "हिच्या लग्नात मामा असा गाईन का भटजी चूप बसतीन." तिच्या लग्नात तू मांडवामागं जनरेटरपाशी उभा होतास. मी शोधत आले आणि काय बोलले तुला? "भाव खाऊन राह्यला काय? सख्ख्या भाचीच्या लग्नात?" तू मान हलवलीस, रुमाल तसाच. मला तेव्हा फक्त माझा कार्यक्रम दिसत होता.

आणि रोडगे! हिवाळ्यात बाबांच्या वावरात गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजले की सहा तू एकटा खायचास, वर वांग्याच्या भाजीचा रस्सा. मग ते वरणात कुस्करून भिजवून खायला लागलास. मग नुसता वाढायला उभा राहायला लागलास, "तुम्ही जेवा, मी मांगून बसतो." मग बसलासच नाहीस. शेवटची तीन वर्षं तर वावरात आलाच नाहीस. म्हणे मेहकरहून गाडी मिळत नाही! ऊस गेला, शेंगा गेल्या, भाकर दुधात गेली. माणसांत जेवणं गेलं. माणसांत बसणं गेलं. गौरीच्या मैत्रिणी आल्या की तू आतल्या खोलीत. फोटोत तू ओठ मिटून. एकेक करत तू सगळं सोडत गेलास आणि आम्ही म्हणायचो, वय झालं की माणूस गंभीर होतो. पंचेचाळिशीत कसलं रे वय?

तू सांगायला पाहिजे होतंस. हे मी ओरडून सांगतेय तुला. तू सांगायला पाहिजे होतंस की मले भेव वाटते!

मग हृदयाचं निघालं. लहानपणी तुझे गुडघे सुजायचे आणि ताप यायचा, त्याच आजारानं हृदयाची एक झडप खराब केली होती. ते कळलं पन्नाशी उलटल्यावर, शाळेचा जिना चढताना तू मध्येच बसलास तेव्हा. मी आणि वहिनी तुला संभाजीनगरला घेऊन गेलो. सर्जन म्हणाले, "झडप बदलावी लागेल. छाती उघडावी लागेल. मोठं ऑपरेशन आहे, पण माणूस बरा होतो."

तू खुर्चीत सरसावून बसलास. "करा साहेब. सही कुठं करू सांगा."

मला काय अभिमान वाटला तुझा!

मग त्यांनी तुला तोंड उघडायला सांगितलं. तू अर्धंच उघडलंस. तेवढं त्यांना पुरलं. म्हणाले, "आधी दात. तोंडात इतका पू ठेवून मी नवी झडप बसवणार नाही. हे जंतू रक्तातून थेट तिच्यावर जाऊन बसतात. दातांच्या डॉक्टरांचं पत्र आणा, मी तारीख देतो."

परतीच्या गाडीत, जालना गेल्यावर, तू हळूच म्हणालास, "नले, छाती कापू दे त्याले, माही काई हरकत नाई. पण दाताचं नाव काढू नको."

आणि मी? मी हसले. मोठ्यानं म्हणाले, "एवढा मोठा बाप्या! छाती फाडून घेतं आन दाताले भेतं?" पुढच्या सीटवरच्या बाया वळून पाहायला लागल्या. तू खिडकीबाहेर तोंड केलंस. मेहकर येईपर्यंत तसाच.

त्या प्रवासातलं माझं हसणं मला परत घेता आलं असतं ना, दादा, तर मी माझे सगळे दात काढून दिले असते.

मग सुरू झाल्या तुझ्या तारखा. दिवाळी होऊन जाऊ दे. गौरीची परीक्षा होऊन जाऊ दे. थंडी कमी होऊ दे. वहिनी हात जोडायची, मी फोनवर भांडायचे. "काऊन मांगं लागली व माह्या? जाईन ना मी!" शेवटी मीच बुलढाण्याला बोलावून घेतलं तुला. माझ्या घराजवळच्या डॉक्टरबाई, तरुण, शांत. तू पायऱ्या चढलास, खुर्चीत बसलास. कपाळावर घामाचे थेंब. त्या म्हणाल्या, "काका, आज मी काहीच करणार नाही. फक्त बघते." खुर्ची मागं झुकायला लागली. तू खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होतेस. तुला धीर द्यावा म्हणून मी पुढं झाले आणि तुझ्या पायांवर हात ठेवला.

तू असा उठलास की बाईंचा ट्रे खाली पडला! अनवाणी पळालास पायऱ्या उतरून. मी तुझ्या चपला हातात घेऊन स्टँडपर्यंत आले, आणि चपला पुढं टाकून म्हणाले, "लाज आणली तू मले." किती शहाणी मी! कुठं हात ठेवला होता ते त्या वेळी माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तू गेल्यावर एक दिवस भांडी घासता घासता ते आठवलं आणि मी तिथंच ओट्याला धरून उभी राहिले.

होळीनंतर ताप सुरू झाला. रोज संध्याकाळी. गोळी घेतली की उतरायचा. तीन आठवडे असेच गेले, पँट ढगळ झाली, तू म्हणायचास उन्हानं होतंय. मग दम लागला आणि भरती करावं लागलं. रक्त तपासलं, हृदयाची सोनोग्राफी केली. खराब झडपेवर जंतूंनी घर केलं होतं. मी विचारलं, कुठून आले? डॉक्टर म्हणाले, "खात्रीनं कोण सांगणार? पण यांच्या तोंडाची अवस्था पाहता बहुतेक तिथूनच."

अकरा दिवस होतास तू तिथं. सहाव्या दिवशी दातांचे एक डॉक्टर तुला पाहायला आले होते. तुझ्यात ओठ मिटून घ्यायचीही ताकद उरली नव्हती. पाहून झाल्यावर ते सहज म्हणाले, "एवढी भीती होती तर आधी बोलायचं ना. भूलतज्ज्ञ उभा ठेवून, झोपेचं औषध देऊन काढता आले असते. पुष्कळ लोकांचे काढतो."

ते गेल्यावर तू माझ्याकडं पाहिलंस. "नले, झोपवून काढतात?"

"हाव दादा."

"मंग हे मले कोणी काऊन नाई सांगितलं व?"

कुणाला विचारलंच नव्हतं आपण. तू कशाला भितोस ते तू सांगितलं नाहीस, आणि आम्ही तुला ‘भितोस काय’ एवढंच विचारत राहिलो. पाच दिवसांनी तू गेलास.

आता गेल्या रविवारचं सांगते. तुझं वर्षश्राद्ध होतं मेहकरला. फोटोला हार, पाटावर ताट, सगळी मंडळी जमलेली. जो तो एकच म्हणत होता, "हार्टनं गेला बिचारा." "वेळ भरली होती." "देवाची मर्जी." मी ऐकत होते. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही. भर जेवणाच्या पंगतीत मी उभी राहिले.

"देवाले मधात आणू नका," मी म्हणाले. "माहा भाऊ दाताच्या भीतीनं गेला. दहा वर्षांचा होता तेव्हा आपल्याच माणसांनी बाजारात दाबून धरून त्याची दाढ उपटली. त्याचे पाय मी धरले होते. लोकं हासले. मंग आपण सारे जन्मभर हासलो त्याले. म्हणून गेला तो."

धामणगावचे काका हातातला घास ठेवून म्हणाले, "खाली बस, नले. मेलेल्या माणसाची काई इज्जत ठेवशीन का नाई?"

"इज्जत ठेवता ठेवताच गेला तो, काका."

वहिनी आतून आली. मला वाटलं, आता ही मला हाताला धरून बाहेर काढणार. वरणाची बादली खाली ठेवून ती माझ्याशेजारी उभी राहिली आणि काकांना म्हणाली, "बोलू द्या तिले. खरं बोलून राह्यली ते."

एवढंच. पण तुझी बायको पंगतीसमोर एवढं बोलली, दादा! जी तुझ्या काकांसमोर पदर सारखा करत आली जन्मभर!

जेवणं उरकल्यावर आपली सोनाळ्याची मावशी मला मागच्या अंगणात घेऊन गेली. आईची धाकटी बहीण, सत्तरी गाठलेली, कधी कुरकुर नाही. इकडंतिकडं पाहून तिनं तोंड उघडलं, बोटानं गाल ओढला. "पाय व नले. दोन साल झाले पू येते."

हिरडी फुगून लाल झालेली. मला तिच्यात तूच दिसलास.

"कोणाले सांगितलं काऊन नाई, मावशी?"

"कोणाले सांगू? हासतीन ना लोकं. म्हणतीन, बुढीले मराचं भेव नाई आन दाताचं भेव वाटते." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "तुहे दात चांगले हायेत ना माय?"

मी म्हणाले, "हाव." आणि जीभ आपोआप त्या उजवीकडच्या दाढेवर गेली.

पंगतीत एवढं मोठं भाषण ठोकून आलेली मी! आणि अंगणात म्हातारीशी खोटं बोलले. बुलढाण्याला येईपर्यंत मला स्वतःची किळस आली. मीही तेच करत होते रे. डाव्या बाजूनं चावत होते, गार पाणी टाळत होते, पर्समध्ये गोळ्या ठेवत होते. तू भीत होतास निदान त्याला कारण होतं. मी कशाला भीत होते? मला तर कुणी धरलं नव्हतं.

म्हणून आज गेले. त्याच पायऱ्या, तीच खुर्ची. बाईंनी नाव पाहिलं आणि मला ओळखलं. "तुमचे भाऊ आले होते ना? कसे आहेत?"

"गेले," म्हटलं. सगळं सांगितलं. त्यांनी हातातले हातमोजे बाजूला ठेवले. म्हणाल्या, "त्या दिवशी मी त्यांना आधी बाहेर बसवून गप्पा मारायला हव्या होत्या. थेट खुर्चीत बसवलं." त्यांनाही लागलंय, दादा. तुझं जाणं एका परक्या बाईलाही लागलंय.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य म्हणाले. "डॉक्टर, मला भीती वाटते."

त्या हसल्या नाहीत! म्हणाल्या, "सांगितलंत ते फार बरं केलंत. दुखलं, घाबरायला झालं, नुसतं दमायला झालं तरी डावा हात वर करायचा. मी थांबणार. का म्हणून विचारणार नाही."

सुईचं टोचणं मुंगी चावल्यासारखं होतं, खोटं नाही सांगत. मग ओठ जड झाला, गाल नाहीसा झाला. त्यांनी काम सुरू केलं आणि मी हात वर केला. दुखत नव्हतं. मला फक्त पाहायचं होतं. त्या थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मी हात वर केला. पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "दुखतंय का ताई?" मी मान हलवली, नाही. काय सांगू त्यांना? बोलता येत नव्हतं, आणि येत असतं तरी काय सांगितलं असतं? की थांबता येतं. माणसानं ‘थांबा’ म्हटलं की दुसऱ्या माणसाला थांबता येतं. इतकं सोपं असतं ते. त्या बाजारात एकानं, फक्त एकानं, तुझं ऐकून हात सोडला असता तर?

मी सातची होते, हे सगळे सांगतात मला. मेघा सांगते, वहिनी सांगते. असेन. पण माफी मागायला वय लागत नाही. मी तुझे पाय धरले, दादा, आणि गाडीत मी हसले. दोन्हींबद्दल माफ कर. आणि तू आम्हाला कधीच काही सांगितलं नाहीस, शेवटपर्यंत गप्प राहिलास, त्याबद्दल मी तुला आज माफ करत नाहीये. पुढं कधी करेन. आज नाही.

आता एक वचन देते, तुला विचारून नाही, सांगून. भाऊ कशानं गेला असं कुणी विचारलं तर ‘हार्टनं’ म्हणून मी विषय मिटवणार नाही. बसमध्ये सांगेन, लग्नात सांगेन, पालकसभेत आयांना धरून सांगेन. काकांना वाईट वाटेल, वाटू दे. तुलाही आवडणार नाही, माहीत आहे मला. रागव हवं तर. तुझी इज्जत घेऊन मी काय करू? मला तू हवा होतास.

सोमवारी मावशी येतेय सोनाळ्याहून. गौरी तिला घेऊन येणार आहे, आणि स्वतःचेही दात दाखवणार आहे म्हणते. डॉक्टरांना मी आधीच सांगून ठेवलंय की म्हातारी फार घाबरते. त्या म्हणाल्या, घाबरू दे, पहिल्या दिवशी नुसत्या गप्पा मारू. तोंड उघडलं तर उघडलं. नाही जमलं तर आम्ही घरी येऊ, वरणभात खाऊ, आणि बुधवारी पुन्हा जाऊ. बुधवारी नाही जमलं तर शनिवारी. ती पायऱ्यांवरून पळाली तर मी तिच्या मागं जाईन, चपला तिच्या पायात घालीन आणि तिच्या शेजारी पायरीवर बसेन. पण मी हसणार नाही, दादा. आणि माझ्यासमोर कुणाला हसू देणार नाही.

तुझी भांडखोर बहीण,
नलू